रिकाम्या पोटाची खात्री

पित्ताशयात खडे आहेत हे क्ष-किरणांच्या चित्रात दिसल्यानंतरही कृष्णवेणीबाई वर्षभर त्या दुखण्याला वायूच म्हणत राहिल्या. वायूवर ओवा चालतो, खड्यांना सुरी लागते. आणि ज्या रोगाचे औषध आपल्या डब्यात आहे तोच रोग आपल्याला झाला आहे असे मानणे माणसाला नेहमीच सोयीचे गेले आहे. तमिळ मासी महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, मात्र एका सकाळी कळ अशी उठली की त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. त्यांची सून भामा मुलींच्या शाळेत रसायन शिकवीत असे. तिने सासूबाईंना काही न विचारता सेतुमाधवला बोलावणे धाडले.

सेतुमाधव हा कृष्णवेणीबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वडिलांची रेल्वेतली नोकरी फिरती, म्हणून त्याचे शाळेचे सारे दिवस राजवाड्यामागच्या गल्लीत, मावशीच्याच घरी गेले होते. पुढे मद्रासेत डॉक्टर होऊन त्याने भूल देण्याचे शास्त्र वेगळे शिकून घेतले आणि सत्तावन्न साली तो तंजावुरास परतला. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही असा त्याचा बाणा होता, आणि तो बाणा तो कोणापासून लपवीत नसे.

त्याने मावशीचे पोट दाबून पाहिले, हात धुतले आणि कॉफीचा पेला पुढे ओढला.

"मावशी, पुढची एकादशी केव्हा?"

"सोमवारी. कसाला?"

"मग मंगळवारी सकाळी ऑपरेशन करू. सूर्यनारायण डॉक्टरांना मी सांगतो. भूल देताना पोट रिकामं लागतं. बाकीच्या पेशंटांना दहादा बजावलं तरी इडली खाऊन येतात. तू एकादशीला पाण्याचा थेंब घेत नाहीस. तुझ्यापुरतं माझं काम पंचांगानंच करून ठेवलंय."

कृष्णवेणीबाईंचा चेहरा उजळला. "मद्रासेस राहूनही तुज तिथी आठवते रे."

"तिथी नाही आठवत. जठर आठवतं."

"काही म्हण. दिवस बरोबर काढलास."

दोघांचेही समाधान झाले. त्या समाधानाचा विषय मात्र एक नव्हता, आणि हे त्या खोलीत फक्त भामाच्या ध्यानात आले.

माध्व वैष्णवांच्या घरी एकादशीचा उपास एकादशीला संपत नाही. तो संपतो द्वादशीला, पारण्याने. आणि पारणे द्वादशीची तिथी सरण्यापूर्वी झाले पाहिजे, नाहीतर आदल्या दिवसाची सारी कोरडी तपश्चर्या फुकट जाते. त्या मंगळवारी द्वादशी आखूड होती, म्हणजे पारणे उजाडण्यापूर्वीच उरकायला हवे होते. कृष्णवेणीबाईंनी अर्थ असा लावला की, भाच्याने हे सगळे पाहून मुद्दामच हा दिवस काढला: व्रत यथासांग पुरे करून मगच मावशीने सुरीखाली जावे. सेतुमाधवच्या लेखी मात्र द्वादशी अस्तित्वातच नव्हती. लहानपणी ह्याच घरात चूल न पेटण्याचा दिवस त्याच्या चांगला लक्षात राहिला होता. दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेत पानावर बसवून त्याला जे भरवले जाई, ते कशाकरता भरवतात हे त्याने कधी विचारले नव्हते.

भामाने संध्याकाळी नवऱ्याजवळ विषय काढला. शेषाद्री कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होता आणि वरिष्ठांचे आदेश वाचून झाल्यावर त्यांवर विचार करण्याची त्याला सवय नव्हती.

"अहो, सेतुभावजींना पारण्याचं माहीत असेल ना?"

"ह्या घरात वाढलाय तो. तुझ्या आधीपासून."

"तरी एकदा विचारलं तर?"

"डॉक्टरला आपण विचारायचं? तू रसायन शिकवतेस, शरीर नव्हे."

मग तिने सासूबाईंकडे प्रयत्न करून पाहिला. लग्नानंतर ती त्यांना तंजावुरच्या रीतीप्रमाणे अत्याच म्हणत असे. "अत्या, पारणं नुसत्या तुळशीच्या तीर्थावर केलं तर चालतं ना? शास्त्रात आहे म्हणतात."

"आजाऱ्यांस आहे."

"मग?"

"मी आजारी कोठे? मज खडे झालेत."

मंगळवारी पहाटे भामाने रीतीप्रमाणे पारण्याचा स्वयंपाक केला: भात, मुगाचे वरण, आवळ्याची पचडी, अगत्तीचा पाला, ज्याला मराठी मुलखात हदगा म्हणतात, आणि सुंडक्काय, म्हणजे वांग्याच्या जातीचे वाटाण्याएवढे कडसर फळ. ही फळे ठेचून शिजवतात. कृष्णवेणीबाईंना ती अख्खीच लागत. दाढा बऱ्याचशा पडून गेल्या असल्यामुळे त्या ती चावत नसत, गिळत. दिवसभराच्या उपासानंतर त्या पोटभर जेवल्या, हात धुऊन देवाला नमस्कार केला, आणि उजाडल्यावर मुलगा-सुनेबरोबर जटक्यात, म्हणजे एका घोड्याच्या गाडीत, बसून दवाखान्याकडे निघाल्या.

सूर्यनारायण डॉक्टरांचा दवाखाना पश्चिम वीधीला, म्हणजे गावाच्या पश्चिम रस्त्याला, होता. खाली तपासणी, वर शस्त्रक्रियेची खोली आणि तिच्या दोन्ही अंगांना खाटा. नर्सने कृष्णवेणीबाईंना गाऊन घालायला दिला आणि नेहमीच्या सुरात तमिळमध्ये विचारले, "सकाळपासून काही घेतलंत का, अम्मा?"

"काल एकादशी होती," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. उत्तर खरे होते.

शेजारी सिरिंज भरत उभ्या असलेल्या सेतुमाधवने मान वर केली आणि जवळजवळ अभिमानाने म्हटले, "सिस्टर, आमच्या मावशीला ते विचारायचं नाही. कालपासून पाणीसुद्धा प्यायलेली नाही ती. असा पेशंट तुम्हाला महिन्यातून दोनदाच मिळेल."

नर्स हसली. दाराशी सूर्यनारायण डॉक्टर उभे होते, तेही हसले. भामा तिथेच, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तोंड उघडायला तो क्षण पुरेसा होता. पण एवढ्या माणसांसमोर एवढ्या खात्रीने बोललेले वाक्य खोडून काढायचे, तेही दिराचे, तेही त्याच्या कामाच्या जागी. शिवाय सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात विनंती नव्हती. इतका शिकलेला माणूस काहीतरी धरूनच बोलत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. प्रयोगशाळेत एखाद्या मुलीने असे म्हटले असते तर भामाने तिला बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली असती.

खाट आत गेली. दार लोटले गेले, आणि थोड्याच वेळात फटीतून ईथरचा गोडसर, डोके जड करणारा वास बाहेर येऊ लागला.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. सूर्यनारायण डॉक्टरांनी बाहेर येऊन एका काचेच्या बशीत खडे दाखवले, तपकिरी, पैलू पाडल्यासारखे. शेषाद्रीने ते पाहून हात जोडले. डॉक्टरांना की खड्यांना, हे स्पष्ट झाले नाही. "दुपारपर्यंत शुद्धीवर येतील," डॉक्टर म्हणाले. "ईथरनं ओकारी होते. घाबरू नका." मग ते आणि सेतुमाधव चहा घ्यायला खाली गेले.

कृष्णवेणीबाईंना बाजूच्या खाटेवर आणून निजवले होते. त्या कण्हत होत्या, मध्येच मराठीत काहीतरी सांगत होत्या. शब्द सुटे होते, वाक्य जुळत नव्हते. नर्स नाडी पाहत होती. मग एकाएकी त्यांच्या घशातून आवाज आला, अंग ताठले, आणि नर्सने त्यांची मान वळवेपर्यंत उलटी झाली. फार नव्हती. नर्सने तोंड पुसले.

"हिरवं," ती म्हणाली. "पित्त आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन, पित्त पडायचंच."

तिने कापड पायाशी असलेल्या भांड्यात टाकले. त्यानंतर कृष्णवेणीबाई खोकल्या. अर्धवट शुद्धीतल्या माणसाचा असतो तसा, अपुरा, जोर नसलेला खोकला. आणि मग त्यांच्या श्वासात शिटी वाजू लागली.

भामाने पहिल्यांदा तो आवाज रस्त्यावरचा समजला. पुढच्या श्वासाला तो पुन्हा आला. ओठांचा रंग बदलत होता. जांभळ्या शाईचे बोट पाण्यात बुडवावे तसा तो कडेकडेने पसरत होता. नर्स जिन्याकडे धावली.

दोन्ही डॉक्टर वर आले. सेतुमाधवने आल्या आल्या ऑक्सिजनचा मुखवटा लावला आणि छातीला स्टेथास्कोप लावला. सूर्यनारायण डॉक्टरांनी नाडी धरली. वयाने ते सेतुमाधवपेक्षा पुष्कळ मोठे होते, आणि ह्या गावातल्या निम्म्या पोटांच्या आत डोकावून आलेले होते.

"दोन्हीकडे शिटी आहे," सेतुमाधव म्हणाला. "उजवीकडे खाली हवा फार कमी जातेय."

"तोंडाला फेस आहे. नाडी बघ. हृदय दमलंय, फुफ्फुसात पाणी उतरतंय. उशा लावा, बसतं करा. मॉर्फिन द्या."

"उलटी आत गेली असेल तर?"

"असेल. पण काय आत जाणार? पोटात काही होतं का?"

सेतुमाधवने स्टेथास्कोप कानांतून काढला. "नाही. पोट रिकामं होतं."

"मग दोन चमचे पित्तानं हे एवढं होत नाही. हृदयच आहे."

तर्क निर्दोष होता. आधाराला घेतलेले विधान खरे असते तर निष्कर्षही खरा ठरला असता. नर्सने उशा आणायला घेतल्या आणि मॉर्फिनची कुपी फोडली.

भामा दाराच्या आत आली होती; कोणी तिला बाहेर जा म्हटले नव्हते. तिने पायाशी पडलेल्या भांड्यातले कापड उचलून उलगडले. हिरव्या ओलाव्यात बारीक पानांचे चुरगळलेले तुकडे होते. एकाला देठ होता. पित्त हिरवे असते, पण पित्ताला शिरा नसतात.

मागून शेषाद्रीने हळूच तिचा दंड धरला. त्यालाही ते दिसले होते. "भामा," तो पुटपुटला, "आता नको. आता सांगून काय होणार? त्यांचं त्यांना करू दे."

"सेतुभावजी, मॉर्फिननं काय होतं?" भामाने विचारले.

तिचा आवाज अगदी वर्गातला होता, म्हणूनच बहुधा त्याला उत्तर मिळाले. "दुखणं थांबतं. धाप कमी वाटते."

"आणि खोकला?"

"तोही दाबला जातो. का?"

"त्या पहाटे जेवल्यात. पारणं झालं. मी वाढलं. भात, वरण, अगत्ती, सुंडक्काय. पोटभर." तिने कापड पुढे धरले. "हे पित्त नाही."

सेतुमाधवने कापडाकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, पण तो तिथे थांबला नाही. त्याला थांबायला वेळ नव्हता.

"सिस्टर, ते इंजेक्शन ठेवा. उशा काढा. खाटेचा पायथा वर, डोकं खाली. डाव्या कुशीवर. शेषू, कोपऱ्यातल्या विटा आण, पायथ्याखाली घाल, उभा राहू नकोस."

क्षणापूर्वी बसते करायला निघालेले शरीर आता उताराला लागले. दोन्ही उपाय ह्याहून परस्परविरुद्ध असू शकले नसते. पायाने दाबायचा शोषणयंत्राचा भाता नर्सने सुरू केला. सेतुमाधवने जबडा उघडून आत उजेड टाकला आणि नळी खाली सोडली. बाटलीत फेस आला, मग पाणी, मग भाताची शिते, मग पाल्याचे तुकडे. ओठांचा रंग किंचित परतला आणि तेवढ्यावर थांबला. त्याने पुन्हा छाती ऐकली.

"उजवीकडे खालचा भाग अजून मुका आहे. काहीतरी अडकलंय." मग न वळता: "वैनी, सुंडक्काय ठेचली होती का?"

"नाही. अख्खी."

सूर्यनारायण डॉक्टरांनी एव्हाना कोपऱ्यातले कपाट उघडले होते. त्यांनी लाकडी पेटीतून लांब, सरळ धातूची नळी बाहेर काढली. टोकाला मुगाएवढा दिवा होता. "ह्या नळीनं मी चिंचोके काढलेत, शेंगदाणे काढलेत, एका पोराच्या छातीतून त्याच्या आईच्या पायातली मासोळी काढलीय," ते म्हणाले. "तू घसा बधिर कर, सेतू. आणि बाईंना बाहेर न्या."

ह्या वेळी भामाला बाहेर जावे लागले. व्हरांड्यात शेषाद्री बाकावर बसला होता. हाताला विटेची माती लागलेली, ती पुसायचे त्याला सुचले नव्हते. आतून धातूचे आवाज येत होते, मग सूर्यनारायण डॉक्टरांचा शांत स्वर, "धर, हलू देऊ नको," मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक खोकला. पूर्ण, जोरकस, खालून वर आलेला. अशा आवाजाने कोणाला आनंद होऊ शकतो ह्याची भामाला कल्पना नव्हती.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या पांढऱ्या भांड्यात एक गोल, हिरवट फळ होते. देठसुद्धा शाबूत होता.

"आमच्याकडेही द्वादशीला हीच असते," ते म्हणाले. "आज सकाळी मी स्वतः खाऊन आलोय. तरी डोक्यात आलं नाही." मग भांडे खाली ठेवत, जणू स्वतःशीच: "आणि पोट उघडलं तेव्हा जठर फुगलेलं दिसलं होतं. मी समजलो, मुखवट्यातून गिळलेली हवा."

ते खरे तर सर्वांचेच झाले होते. नर्सला हिरवे दिसले, तिने पित्त म्हटले. सर्जनला फुगवटा दिसला, त्यांनी हवा म्हटले. पुरावा कोणापासूनही लपलेला नव्हता, आणि प्रत्येकाजवळ त्याचे वाजवी स्पष्टीकरण तयार होते.

दुपारी उशिरा सेतुमाधव व्हरांड्यात आला. मावशीचा श्वास जलद होता, पण दोन्हीकडे ऐकू येत होता. फुफ्फुसाला जठरातल्या आम्लाने भाजले आहे, सूज येईल, ताप येईल, पेनिसिलिन चालू केले आहे आणि मद्रासेहून आणलेले हायड्रोकॉर्टिझोनही दिले आहे. पुढचे काही दिवस काहीच सांगता येणार नाही, असे त्याने सपाट आवाजात सांगितले. मग तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"वैनी, सकाळी तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात."

"होते."

"मी सगळ्यांसमोर म्हणालो, पाणीसुद्धा प्यायलेली नाही."

"म्हणालात. म्हणूनच बोलले नाही."

"हे काय कारण झालं?"

"कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगते. आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"मला माहीत होतं, म्हणून."

"अर्धं माहीत होतं. काहीच माहीत नसतं तर विचारलं असतंत."

खालच्या रस्त्यावरून कोणीतरी ताकवाली ओरडत गेली. "पारणं," सेतुमाधव म्हणाला. "मी त्या पंक्तीला बसत होतो, वैनी. दर पंधरवड्याला. मला आवळ्याची पचडी आवडायची." आणि तो उठून पुन्हा आत गेला.

ताप आला आणि राहिला. उजवे फुफ्फुस रोज थोडे उघडे, थोडे मिटे. सूर्यनारायण डॉक्टर येत, जखम पाहत, जखम उत्तम आहे म्हणत आणि छातीविषयी मौन पाळत. जखमेमुळे कृष्णवेणीबाईंना जोराने खोकता येत नव्हते, आणि खोकल्याशिवाय आतला कफ सुटत नव्हता. सेतुमाधवने भामाला शिकवले: रोग्याला डाव्या कुशीवर घ्यायचे, खाटेचा पायथा उंच ठेवायचा, जखमेवर उशी दाबून धरायला लावायची, आणि तळवा पाणी पिण्याच्या ओंजळीसारखा पोकळ करून पाठीच्या उजव्या बाजूला खालून वर थापट्या मारायच्या. चापट नको, ओंजळ. हाड सोडून. कफ सैल होईपर्यंत.

"अजून जोरानं, वैनी. चपात्या थापत नाही आपण."

"आमच्या घरी चपात्या लाटतात, भावजी."

शेषाद्रीला हे बघवत नसे. तो व्हरांड्यात जाऊन उभा राही. तमिळ नर्सला मात्र ह्या प्रकाराची फार गंमत वाटली. सून सासूला दिवसातून अनेकदा बडवते, आणि तेही डॉक्टरांच्या हुकमाने, असे तिने खालच्या मजल्यावर सांगितले. त्यानंतर दोन-तीन बायका उगाचच दारावरून डोकावून गेल्या.

हळूहळू ताप उतरला. कृष्णवेणीबाई उशाला टेकून बसू लागल्या, पेज घेऊ लागल्या, आणि पेज पातळ आहे म्हणू लागल्या. छातीत न्यूमोनिया झाला, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. ह्यापेक्षा अधिक सांगायचे नाही, असे शेषाद्रीने ठरवले होते. "तिच्या व्रतानं तिचा जीव जात होता, हे तिला ह्या वयात ऐकवायचं?" तो भामाला म्हणाला होता. "मग ती पुढच्या एकादशीला काय करेल? आणि तुझ्या हातचं जेवेल का?" सेतुमाधवने आपले मत दिले नाही. त्याला त्या विषयावर मत देण्याचा अधिकार आपण गमावला आहे असे वाटत असावे.

एका सकाळी राजवाड्याच्या गल्लीतल्या हिराबाई भेटायला आल्या. हिराबाई कृष्णवेणीबाईंच्या बालपणापासूनच्या सोबतीण. त्याच पंक्तीच्या, त्याच व्रतांच्या. येताना ओच्यात दवणा घेऊन आल्या आणि खाटेवरच बसल्या.

"रोडावलीस गं."

"पेजेवर ठेवलंय. पाणी घालून पाणीच देतात."

"पण परतलीस बघ. मी ह्यांस त्याच दिवशी सांगटलं, वेणी पारणं करून आत गेलीय, तिज काही व्हायचं नाही. व्रत पुरं करून गेलेला मनुष्य परततो."

"होय की," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "सेतूनं दिवसच तसा काढला होता."

"म्हणून तर आले. माझं गर्भाशय काढायचं म्हणतात, पुढल्या महिन्यात. तिरुच्चीस. डॉक्टरीण म्हणाली, दिवस तुम्ही सांगा. मी म्हटलं, वेणीस धार्जिणा झाला तो मजही होईल. द्वादशीच सांगते. पारणं करायचं नि पहाटेच्या गाडीत बसायचं."

भामा खिडकीशी औषधाची बाटली हलवीत उभी होती. तिने ती खाली ठेवली. व्हरांड्याच्या दारात शेषाद्री उभा होता. त्याने नको अशी मान हलवली, अगदी थोडी.

"हिराबाई, द्वादशी सांगू नका," भामा म्हणाली.

"कसाला गं?"

"अत्यांना ते धार्जिणं झालं नाही. भुलीत उलटी झाली, पारण्याचं जेवण छातीत गेलं. सुंडक्काय श्वासाच्या नळीत अडकली होती. डॉक्टरांनी नळी घालून काढली. न्यूमोनिया त्यानंच झाला. भूल घ्यायची तर आदल्या रात्रीपासून पोटात काही नको. काहीच. आणि त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, केव्हा काय खाल्लंत ते."

हिराबाईंनी कृष्णवेणीबाईंकडे पाहिले. कृष्णवेणीबाई सुनेकडे पाहत होत्या. ओच्यातला दवणा खाटेवर ठेवून, इकडचे-तिकडचे एखादे वाक्य बोलून, हिराबाई लवकरच उठल्या. शेषाद्री त्यांना पोचवायला म्हणून खाली गेला तो वर आला नाही.

"ती सुंडक्काय कोणाच्या हातची?" कृष्णवेणीबाईंनी विचारले.

"माझ्या. मीच वाढली."

"गिळली कोणी?"

"तुम्ही."

"सेतूस ठाऊक होतं?"

"त्यांना एकादशीच ठाऊक होती. द्वादशी विसरले होते. मला शंका होती. मी बोलले नाही. त्यांनी मॉर्फिन द्यायला घेतलं तेव्हा बोलले."

"हे मज एकटीस सांगायचं होतंस. हिरीपुढं कसाला?"

"त्या द्वादशी धरणार होत्या."

कृष्णवेणीबाईंच्या श्वासात अजून किंचित खरखर होती; ती थांबून थांबून ऐकू येत होती.

"पारणं पाण्यावर केलं असतं तर?"

"तर बहुधा काही झालं नसतं."

"बहुधा?"

"दोन घोट पाण्यानं असं सहसा होत नाही, अत्या. पण खात्री मी देत नाही."

"तू कधीच देत नाहीस. तुझं ते एक आहेच." कृष्णवेणीबाईंनी नाक उडवले. रागावल्या होत्या हे उघड होते, आणि तो राग संध्याकाळपर्यंत, कदाचित त्यापुढेही पुरण्यासारखा होता. तो नक्की कोणावर होता, सुनेवर, भाच्यावर की आखूड द्वादशीवर, हे त्यांनी सांगितले नाही. मग त्यांनी उशी ओढून जखमेवर दाबून धरली आणि कण्हत, एका हाताने खाटेची कड पकडून, आपण होऊन डाव्या कुशीवर वळल्या.

"पुष्कळ बोललीस," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मार आता."

भामाने तळवे पोकळ केले आणि खालून वर सुरुवात केली. थोड्या वेळाने खोकला आला. खाटेजवळच्या भांड्यात पडलेला कफ भामाने उजेडात धरून पाहिला. तो पांढरा आणि स्वच्छ होता.